बाळूचा मागचा उजवा पाय

१४ सप्टेंबर, रविवार

काकूंनी कुत्र्यांसाठी एक वही केली आहे. सकाळी किती खाल्लं, शी घट्ट का पातळ, किती वाजता फिरवलं, सगळं मी लिहायचं आणि खाली सही करायची. बाळू ज्या फेराईनकडून आला, म्हणजे कुत्र्यांची संस्था, त्यांना पहिलं वर्षभर हे दाखवावं लागतं म्हणे. तीन महिन्यांत लिहायची सवय लागली. शाळेत दहा वर्षांत लिहिलं नसेल तेवढं मी कुत्र्याच्या शीबद्दल लिहिलं. काल दुकानातून ही दुसरी वही आणली. तिकडं त्यांचं, इथं माझं.

पहिल्या पानावर नाव पाहिजे. पंढरीनाथ शिंगाडे. गाव जतच्या पलीकडं. वय चोवीस, दहावी नापास. पोल्ट्री, जेसीबीवर हेल्पर, हायवेचा ढाबा, पुण्यात हॉटेल, आणि आता जर्मनी. कुठंच दोन वर्षं टिकलो नाही. इथं ब्राउनश्वाइगमध्ये शिरीषदादाच्या हॉटेलात तंदूरवर असतो. व्हिसा त्याच हॉटेलच्या नावावर, दादाने हात काढला की मी विमानात. राहतो वासुदेवकाकांच्या घरी, गावाबाहेर, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपला. घरी म्हणजे केलरमध्ये, तळघरात. खिडकी आहे, पण तिच्यातून लोकांचे बूट दिसतात. खोलीच्या बदल्यात सकाळी आणि दुपारी कुत्री फिरवायची. काका दादाचे जुने दोस्त म्हणून हे जमलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

दोन कुत्री. ठकू अकरा वर्षांची, पांढरी, दिवसभर सोफ्यावर. बाळू चार वर्षांचा, अंगावर वाघासारखे पट्टे. दोघंही आयर्लंडच्या रेसमधली, कानात आतून हिरव्या शाईने अक्षरं गोंदलेली. बाळूचा मागचा उजवा पाय रेसमध्ये मोडला म्हणून त्याला काढून टाकला. पाय जुळला, पण घोट्याला गाठ राहिली आहे. सुपारीएवढी लागते हाताला.

हा घरी आला तेव्हा त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. काच माहीत नव्हती, दारावर धडकायचा. जिना माहीत नव्हता. पायरीसमोर उभा राहून थरथरायचा. मीच एकेक पाय उचलून एकेका पायरीवर ठेवला, चार दिवस. पाचव्या दिवशी हा गडी स्वतः उतरून माझ्या खोलीत, माझ्या गादीवर.

काकू त्यांच्याशी नुसत्या मराठीत बोलतात. "तनयाला मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर देते. ही दोघं निदान उलट बोलत नाहीत," असं म्हणतात. तनया त्यांची मुलगी, हायडेलबर्गला शिकते. कधी आलेली मी बघितली नाही.

बाळूला निळा युरोपचा पासपोर्ट आहे, फोटोसकट. विमा आहे. तो यायच्या आधी फेराईनची बाई येऊन घर तपासून गेली होती, तो झोपणार कुठं, कुंपण केवढं. मी आलो तेव्हा माझी खोली बघायला कोण आलं होतं? हे काकांना म्हणालो तर म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण तुझे कान बघ, तुझ्यावर नंबर नाही."

काका असंच बोलतात. हसायचं का नाही ते कळत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

सोमवारी हॉटेल बंद. काकूंनी पोहे केले आणि समोर बसल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे पण शर्यती असतात ना रे कुत्र्यांच्या? शिरीष सांगत होता."

मग मी सुटलोच. जत्रेला आमच्याकडं लांबून लांबून कुत्री येतात. आबांकडं, म्हणजे माझ्या वडलांकडं, कायम दोन असायची. अंडी, दूध, मटणाचं पाणी. आम्ही पोरं कोरडी भाकरी खायचो, कुत्रं अंडं खायचं. सायकल उलटी उभी करायची, मागच्या चाकाचा टायर काढायचा, रिंगवर दोर गुंडाळायचा, टोकाला कातडं नाहीतर चिंधी. एकाने पायडल फिरवायचं, कातडं पळतं, मागं कुत्री. मी बारा वर्षांचा असल्यापासून कुत्रं धरून सोडायला असायचो. माझ्यासारखा सोडणारा पंचक्रोशीत नव्हता.

काकू ऐकत होत्या. मग विचारलं, "आणि हरलेल्यांचं काय करता?"

मी म्हटलं, "काय करणार काकू, घरचंच ते. म्हातारं होऊन घरीच मरतं."

खरं तर कवठ्याच्या पुढं हायवेला नेऊन सोडतात. दोन तर मीच सोडली. एक मोटरसायकलच्या मागं पळत आलं होतं, बरंच लांबवर. चांगलं पळत होतं तेव्हा. हे त्यांना कशाला सांगायचं.

काकूंनी पोह्यांवर अजून खोबरं घातलं.

२८ सप्टेंबर, रविवार

थंडी सुरू झाली. कुत्र्यांना कोट आले. बाळूचा लाल, मानेपर्यंत, पोटाखाली बटन. काकूंनी आमचा दोघांचा फोटो काढला आणि माझ्या मोबाइलवर पाठवला. मी येडा, तो गावच्या ग्रुपवर टाकला.

सत्याने पहिलं लिहिलं. सत्यजित, माझ्या वर्गातला, आता त्याच्याकडं दोन शर्यतीची कुत्री आहेत. "पंढऱ्या जर्मनीत आया झाला." मग सगळे सुटले. स्वेटर विण त्याला. अंगाई म्हण. एकाने माझ्या डोक्यावर पदर रंगवून तोच फोटो परत टाकला.

सत्याने नंतर फोन केला. "पाय मोडलेलं भंगार संभाळायला एवढ्या लांब गेलास व्हय?"

मी म्हटलं, "तुझी दोन्ही कुत्री याच्या धुरळ्यात हरवतील."

"मग दाखव की पळवून."

"दाखवतो."

बोललो आणि मग दिवसभर तेच डोक्यात. नान चिकटवताना मनगट भाजलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

कुत्री मोकळी सोडायची नाहीत हे फेरट्रागमध्ये, करारात लिहिलं आहे. पळवायची नाहीत, शर्यतीत उतरवायची नाहीत, बाहेर कायम पट्टा आणि तोंडाला जाळी. करार मोडला तर फेराईन कुत्रं परत घेऊन जाणार. काकूंनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून एकेक ओळ मराठीत सांगितली होती. मी हो हो म्हटलं होतं.

पण मी रोज बघतो ना. झोपेत त्याचे चारी पाय चालतात. रस्त्यात ससा दिसला की अंगातून करंट जातो. पळायलाच जन्मलेलं जनावर. त्याला सोफ्यावर बसवून ठेवायचं हे कसलं प्रेम? मला तंदूरसमोर उभं केलं आहे तसंच ते.

कालव्याच्या पलीकडं गवताचं रान आहे. गवत कापून नेलं आहे, सपाट दिसतं, माणूस नाही. टोकाला कुंपणाचा एक लोखंडी खांब. दोर त्याला वळसा घालून परत आणला तर चिंधी माझ्यापासून निघून खांबाकडं पळेल, म्हणजे दुसरा माणूस लागणार नाही. केलरमध्ये काकूंची जुनी सायकल पडून आहे. पुढच्या सोमवारी काकांना डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं आहे, काकू सोबत जाणार.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज लिहिता येत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लिहितो. हॉटेलात दुपारची सुट्टी आहे. मागच्या अंगणात बसलो आहे.

काल सकाळी बाळूला खायला दिलं नाही, भुकेलं कुत्रं पळतं म्हणून. काकूंच्या वहीत लिहिलं, पूर्ण खाल्लं. ते दोघं नऊला गेले. मी सायकल आणि बाळूला घेऊन रानात गेलो. दोर लावला, मोबाइल पिशवीवर टेकवून ठेवला. बाळूची जाळी काढली, कोट काढला, पट्टा सोडला. आधी चिंधी चावू दिली, मग हिसकावली. पायडल फिरवलं. चिंधी निघाली झकास.

बाळू दहा पावलं दुडक्या चालीने गेला आणि थांबला. मागं वळून बघितलं. परत आला आणि माझ्या पोटात डोकं घातलं.

मी म्हटलं, असं होतं पहिल्यांदा. परत लावलं. परत तेच. ह्या वेळेला तर तो चिंधीकडं गेलाच नाही, माझ्या अंगावर सगळं वजन टाकून उभा राहिला. मला सत्याचा आवाज ऐकू यायला लागला.

आमच्याकडं असं आडलेलं कुत्रं असेल तर कान पिळतात. गुडघ्यात दाबून धरायचं, कान मुळातून पिळायचा, ते किंचाळलं की चिंधी हलवायची आणि सोडायचं. मी तसं केलं. तो हिरव्या अक्षरांचा कान. दोनदा पिळला. तो ओरडला आणि मी सोडला.

मग गेला. आई शप्पथ, असं पळणं मी बघितलेलं नाही. आबांची, सत्याची, कुणाचीच कुत्री अशी नाहीत. जमिनीला लागतच नव्हता. मी पायडल फिरवत ओरडत होतो.

खांबाच्या अलीकडं वळताना पाय कसल्याशा बिळात गेला. आवाज माझ्यापर्यंत आला. आधी पायाचा, मग त्याचा.

मागचा उजवाच. हाड बाहेर. त्याला खांद्यावर घातला, कोट पायाभोवती गुंडाळला आणि घरी आणला. तीस किलो. सगळ्या रस्त्यात त्याने चावलं नाही. चावला असता तर बरं झालं असतं.

घरी कोणी नव्हतं. ठकू दारात येऊन हुंगायला लागली. मी बाळूचे पंजे ओल्या फडक्याने पुसले, गवत काढलं. केलरच्या जिन्याखाली ठेवला आणि काकूंना फोन केला. म्हटलं, काकू, बाळू जिन्यावरून पडला.

काकूंचं पहिलं वाक्य, "अरे देवा, मी सकाळी जिना पुसला होता."

मी म्हटलं, तुम्ही लवकर या.

जनावरांच्या दवाखान्यात पायात पट्टी आणि स्क्रू बसवले. व्हिडिओ पुसून टाकला. त्यात तो दिसत नव्हताच नीट, फक्त आवाज होता. सत्याचा मेसेज आला, कुठाय व्हिडिओ? त्याला ब्लॉक केलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सायकल रानातून परत आणून जाग्यावर ठेवली आहे. आज काका केलरमध्ये काहीतरी शोधत होते. म्हणाले, "पंढरी, ह्या सायकलला मागचा टायर का नाही रे?"

मी म्हटलं, "पंक्चर होती काका."

"टायरच नाहीये, पंक्चर कुठे होणार?"

मी टायर कोपऱ्यातून काढून दाखवला. म्हटलं, दुरुस्त करणार होतो. काका रिंगवरून बोट फिरवत बसले. मग बोटाकडं बघितलं, खिशाला पुसलं आणि वर गेले. पटलं असावं त्यांना.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. काकूंनी फराळ केला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला त्या दर वर्षी चकल्या करतात, ह्या वेळेला फोन करून सांगितलं, जमणार नाही. काकांनी एक पणती लावली.

त्याऐवजी काकूंनी कार्पेटचे तुकडे आणले. केलरच्या जिन्याला तेरा पायऱ्या. मला म्हणाल्या, "तू धर, मी चिकटवते." त्यांना कंबरेचा त्रास आहे, तरी गुडघ्यांवर बसून एकेक पायरी. वरून खाली. मी धरत होतो.

सातव्या पायरीवर थांबल्या. "चाळीस वर्षं जिने पुसतेय मी," म्हणाल्या. "कोरडा होईपर्यंत दार लावून ठेवायचं हे मला सुचू नये?"

"काकू, तुमचा काय दोष."

"नको रे. तू एकटा होतास घरी. उचलून बसला होतास त्याला. तुलाही किती त्रास झाला."

आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, हाताला गोंद होता. केसाला चिकटला. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं होतं मी. पण खालच्या सहा पायऱ्या राहिल्या होत्या, म्हटलं ह्या होऊ देत. मग झाल्या आणि काकू म्हणाल्या, "छान झालं," आणि मी कात्री उचलून ठेवली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

जखम चिघळली. काल पाय काढला. मांडीपासून.

आज घरी आणला. मागची एक बाजू भादरलेली, टाक्यांची रांग. दारातून आत येताना पडला, उठला, परत पडला. ठकू त्याला बघून सोफ्यावरून खाली उतरली आणि त्याच्याशेजारी जमिनीवर झोपली.

मला बघून शेपूट हलवली. मी हॉटेलला उशीर होतोय सांगून निघालो. अजून दोन तास होते.

१ नोव्हेंबर, शनिवार

फेराईनचं पत्र आलं. काकूंनीच त्यांना कळवलं होतं, करारात तसं आहे. डॉक्टरचा रिपोर्ट त्यांनी मागवला. काकांनी जेवताना वाचून दाखवलं. डॉक्टर लिहितो की असं हाड जिन्यावरून पडून सहसा मोडत नाही, पूर्ण वेगात पळताना मोडतं. सोमवारी बाई येणार, फ्राऊ लिंडहोर्स्ट. घर बघणार, सगळ्यांशी बोलणार.

काकू म्हणाल्या, "सहसा म्हणजे काय? एखादं मोडत असेल."

काका माझ्या ताटाकडं बघत म्हणाले, "भात घे."

ती बाई दोन्ही कुत्री नेऊ शकते. ठकूला पण. काकू पूर्ण दिवस घर पुसत होत्या, जिना सोडून.

मी ठरवलं आहे. सोमवारी सांगणार. काकूंवर येतंय सगळं, ते नको. दादाला कळलं तर कामावरून काढेल, काढू दे. उंटरश्लाइसहाइम नावाच्या गावात एका कँटीनमध्ये माणूस पाहिजे असं तंदूरवरचा पोऱ्या सांगत होता. नाहीतर गाव. सांगून टाकणार.

३ नोव्हेंबर, सोमवार

फ्राऊ लिंडहोर्स्ट उंच, केस पांढरे, मोजे जाड. आधी जिना बघितला. कार्पेटवरून हात फिरवला. बाळूला चालवून बघितलं. मग हॉलमध्ये बसली, कागद काढले. काकू, काका, मी. ठकू सोफ्यावर, बाळू माझ्या पायावर हनुवटी ठेवून.

तिने माझ्याकडं बघून काहीतरी लांबलचक विचारलं. काकू म्हणाल्या, "काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग म्हणतेय. मी तिला जर्मनमध्ये सांगते."

मी सांगितलं. मराठीत. काकूंकडं बघून, कारण दुसरीकडं बघता येत नव्हतं. जिना नाही काकू, मी रानात नेला होता. सायकल नेली, दोर लावला, चिंधी. पट्टा सोडला. बिळात पाय गेला. तुमच्या पुसण्याने काही झालं नाही. सगळं माझं. एवढं सगळं बोललो. कानाचं तेवढं राहिलं.

काकांनी कप खाली ठेवला, बशीत नाही, टेबलावर. काकूंचा चेहरा हललाच नाही. मी संपवलं तरी त्या माझ्याकडं बघत होत्या. ती बाई पेन धरून थांबली होती.

मग काकू तिच्याकडं वळल्या आणि बोलायला लागल्या. "आल्झो," म्हणाल्या, म्हणजे तर मग, आणि शांत आवाजात, हळूहळू. माझं जर्मन किचनपुरतं. पण जिना ते ट्रेपं म्हणतात हे मला कळतं, ओल्याला नास म्हणतात हे कळतं, आमच्या किचनमध्ये रोज पाटी लावतात. काकू ट्रेपं म्हणाल्या. नास म्हणाल्या. दोनदा. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मी काकांकडं बघितलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

बाईने लिहून घेतलं. मग पेन थांबवून थेट मला विचारलं, "श्टिम्ट दास?" हे खरं आहे का. दादा रोज बिलं तपासताना हेच विचारतो.

काकू माझ्याकडं बघत होत्या. तसं त्यांनी माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, "या." म्हणजे हो.

कुत्री राहिली. बाईने एक अट लिहून सही घेतली. घरातल्या दोघांशिवाय तिसऱ्या माणसाच्या हातात कुत्री द्यायची नाहीत. फिरवायला नाही, एकटी ठेवायला नाही. काकूंनी वाचलं आणि लगेच सही केली. जाताना बाईने माझ्याशी हात मिळवला. फार वाईट वाटून घेऊ नको, असं काहीतरी म्हणाली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. काकू कप धूत होत्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही वाचवलंत मला."

काकूंनी नळ बंद केला.

"तुला? तुला कोण विचारतंय? खरं सांगितलं असतं तर आत्ता ती दोघांना गाडीत घालून घेऊन गेली असती. ठकू अकरा वर्षांची आहे. तिसरं घर बघायचं होतं तिने?"

"मला वाटलं…"

"तीन आठवडे मी त्या पायऱ्यांवर रडले. तू कार्पेट धरून उभा होतास."

मग नळ सोडला. काका दारात होते. म्हणाले, "पंढरी, मी शिरीषशी बोलतो. हॉटेलवर एक खोली आहे त्याची. टायरचं विचारलं तेव्हा बोलला असतास तर…" म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं. मग तेही का बोलले नाहीत? सगळ्यांनी मलाच का धरायचं?

कुत्र्याला तीन पायांवर ठेवून घेतात. माणसाला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दादाने काढलं नाही. खोली मिळेपर्यंत इथंच. दुपारी दोनला बाळू वरच्या दारापाशी येतो, ते मला खालून कळतं. काकू म्हणतात, "बाळू, इकडे ये. तिकडे कोणी नाही."

१६ नोव्हेंबर, रविवार

आज निघालो. सामान एक बॅग आणि एक पिशवी. काका कुत्री घेऊन मुद्दाम फिरायला गेले होते. मी जायच्या वेळेला गेले, मी समजलो.

किल्ली द्यायला वर गेलो. काकू दारात उभ्या होत्या, शाल घेऊन. किल्ली घेतली. मी वाकून नमस्कार केला, त्या "असू दे, असू दे" म्हणाल्या. मी वळलो.

"पंढरी."

"काय काकू?"

"त्याच्या रेसच्या फिल्म होत्या फेराईनकडे. दाखवू का म्हणाली होती ती बाई, तो आला तेव्हा. मी नको म्हटलं. मला ते बघवलं नसतं." शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "आता वाटतं बघायला हवं होतं. मी त्याला पळताना कधी बघितलंच नाही. आता कधी दिसणारही नाही."

मी बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"कसा पळाला रे त्या दिवशी? आनंदात होता का?"

मी बॅग खाली ठेवली. तो पोटात डोकं घालून उभा होता ते आठवलं. माझ्या बोटांत त्याचा कान होता ते आठवलं. काकू माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"हो काकू," मी म्हटलं. "लई आनंदात होता. पट्टा सोडल्या सोडल्या आपणहून सुटला. वारा नुसता."

काकूंनी डोळे मिटले.

"चल, तेवढं तरी मिळालं त्याला," म्हणाल्या. आणि इतक्या दिवसांनी माझ्याकडं बघून हसल्या.

मी बॅग उचलली.